आधी काय मागतो ते बघा: हार्डकोर आणि कॅज्युअल गेममधला फरक

फावल्या वेळात एकट्याने गेम बनवणाऱ्या एकाने विचारलंय की हार्डकोर आणि कॅज्युअल गेममध्ये नेमका फरक काय. त्याचा गेम एका बोटाने खेळायचा आहे. पात्र आपोआप पळतं, आपण फक्त उडी मारायची. एक लेव्हल साधारण दहा मिनिटांची आणि वाटेत मेलं की पुन्हा पहिल्यापासून. खेळून पाहिलेले मित्र म्हणतात, ‘हा धड हार्डकोरही नाही आणि धड कॅज्युअलही नाही.’ सोबत एक उपप्रश्नही आहे: रोज दोन-दोन तास कँडी क्रश खेळणाऱ्या माणसाला कॅज्युअल का म्हणायचं?

मी सोळा वर्षं गेम डिझाइन करतोय. त्यातली निम्मी कन्सोलवरच्या (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरच्या) अ‍ॅक्शन गेममध्ये गेली, निम्मी मोबाइलवरच्या पझल गेममध्ये. दोन्हीकडे काम केल्यामुळे या दोन शब्दांबद्दल माझं एक पक्कं मत झालंय. ते कारणांसकट मांडतो आणि शेवटी तुमच्या गेमकडे येतो.

‘अवघड तो हार्डकोर, सोपा तो कॅज्युअल’ ही समजूत आधी बाजूला ठेवू. टेट्रिस घ्या. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजितनोव यांनी तो तयार केला. नियम कुणी सांगावे लागत नाहीत, दोन-चार तुकडे पडले की बघणाऱ्याला कळतात. १९८९ मध्ये तो गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर आला आणि एरवी गेमच्या वाटेला न जाणारी माणसंसुद्धा तो खेळू लागली. त्याच वर्षी निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलवर, म्हणजे एनईएसवर आलेली आवृत्ती मात्र २९व्या लेव्हलला इतकी वेगवान होते की बटण नुसतं दाबून धरलं तर तुकडा कडेला पोचायच्या आत खाली टेकतो. कितीतरी वर्षं तीच माणसाची हद्द मानली जात होती. मग खेळाडूंनी कंट्रोलर धरायची पद्धतच बदलली. एक बोट बटणावर अलगद ठेवायचं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर भराभर टिचक्या मारायच्या, म्हणजे प्रत्येक टिचकीला बटण एकदा दाबलं जातं. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाने १५७व्या लेव्हलपर्यंत मजल मारली आणि तिथे गेमच गोठला. सॉफ्टवेअरने हात टेकले. आता हा गेम कोणत्या रकान्यात लिहायचा?

उलट बाजूनेही तेच दिसतं. २०१३ चा फ्लॅपी बर्ड आठवा. बहुतेकांना पहिल्या दहा नळ्या ओलांडता येत नव्हत्या इतका तो निर्दयी होता, पण त्याला कुणी हार्डकोर म्हटलं नाही. दुसरीकडे मोठ्या बजेटचे कितीतरी नेमबाजीचे गेम ‘हार्डकोर’ म्हणून ओळखले जातात आणि ते आतून खेळाडूला सतत सांभाळून घेत असतात. कंट्रोलरवर खेळताना नेम शत्रूजवळ गेला की जरा चिकटतो, मेलात तर दोन खोल्या मागून पुन्हा सुरुवात, आणि ‘फक्त कथा बघायची आहे’ असा सोपा पर्यायही असतो.

मग फरक कशात आहे? माझा निकष हा: गेम खेळाडूकडून आधीच काय मागून घेतो ते बघायचं. मजा मिळायच्या आत माणसाला किती मोजावं लागतं? काही गेम काहीच मागत नाहीत. काही गेम ‘आधी हे शिकून ये, एवढा वेळ बाजूला काढ, हरलास तर एवढं गमवायची तयारी ठेव’ असं सांगतात. आपण हार्डकोर म्हणतो ते मागणी जास्त असलेल्या गेमना. अवघडपणा हा त्या मागणीचा एक भाग असू शकतो, पण तो एकटा काही ठरवत नाही.

आधी शिकून येण्याबद्दल बोलतो, कारण इथे आम्ही डिझाइनर सगळ्यात जास्त चुकतो.

पैसे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमचा इतिहास याच चुकीने सुरू झाला. १९७१ मध्ये नोलन बुशनेल आणि टेड डॅब्नी यांनी कॉम्प्युटर स्पेस आणला. यान डावीकडे वळवायला एक बटण, उजवीकडे वळवायला दुसरं, पुढे ढकलायला तिसरं, गोळी झाडायला चौथं. शिवाय अवकाशात यान एकदा सुटलं की घसरतच राहतं, हे भौतिकशास्त्र डोक्यात असायला हवं. इंजिनिअरांना तो आवडला, बाकीचे लोक सूचना वाचून बाजूला झाले. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, बुशनेल यांच्या अटारी कंपनीत अ‍ॅलन अ‍ॅलकॉर्न यांनी पाँग तयार केला. त्यात एक फिरवायची मूठ, दोन फळ्या आणि एक चेंडू. यंत्रावरच्या सूचनेचा अर्थ इतकाच की जास्त गुण हवे असतील तर चेंडू चुकवू नका. पाँगने इतिहास घडवला. माणसं वर्षभरात बदलली नव्हती, त्यांच्याकडून मागितलेलं ज्ञान बदललं होतं.

आज हे ज्ञान आपल्या अंगात इतकं मुरलंय की ते ज्ञान आहे हेच आपण विसरतो. माझ्या कन्सोलच्या दिवसांतली एक प्लेटेस्ट, म्हणजे बाहेरच्या माणसाला अर्धवट गेम खेळायला देऊन बघणं, मला अजून लख्ख आठवते. तिसऱ्या व्यक्तीच्या कोनातून दिसणारा अ‍ॅक्शन गेम होता. डाव्या स्टिकने पात्र चालतं, उजव्या स्टिकने कॅमेरा फिरतो. आमच्या एका प्रोग्रामरच्या आई खेळायला बसल्या होत्या. बुद्धीने तल्लख, रोजचं शब्दकोडं पेनाने सोडवणाऱ्या. पहिल्या खोलीत करायचं एवढंच होतं की मागे वळायचं आणि दारातून बाहेर पडायचं. दीड मिनिटाचं काम म्हणून आम्ही ती खोली ठेवली होती.

त्यांनी डावी स्टिक ढकलली. पात्र भिंतीला जाऊन टेकलं आणि तिथेच चालत राहिलं. मग त्यांनी उजवी स्टिक ढकलली तर कॅमेरा छताकडे गेला. छत बघताना त्यांनी डावा अंगठा उचलला. पात्र दिसेनासं झालं म्हणून त्या कंट्रोलरकडे बघायला लागल्या, आधी डाव्या अंगठ्याकडे, मग उजव्या. मान वर केली तेव्हा पडद्यावर नुसती फरशी होती. त्या खोलीतून बाहेर पडायला वीस मिनिटं लागली. नंतर त्या म्हणाल्या, ‘काय करायचंय ते मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. पण माझे दोन हात दोन वेगळी कामं करत नाहीत.’

आमच्या ट्यूटोरियलमध्ये उडी कशी मारायची ते लिहिलं होतं, ढाल कशी धरायची तेही लिहिलं होतं. चालता चालता बघायचं कसं, हे लिहावंसं आमच्यापैकी एकालाही वाटलं नव्हतं. ती गोष्ट शिकावी लागते हेच आम्ही विसरलो होतो. आणि शिकावी लागतेच: २००० साली प्लेस्टेशनवर आलेल्या एलियन रेझरेक्शन या गेममध्ये हीच दोन स्टिकची रचना होती, तेव्हा समीक्षकांनाही ती जाचक वाटली होती. २००१ मध्ये हेलो हा नेमबाजीचा गेम आला, लाखो लोक त्या रचनेवर घडले आणि त्यानंतर ती जणू निसर्गनियम असल्यासारखी सगळीकडे आली. ज्यांच्या आयुष्यात ती वर्षं गेम न खेळता गेली, त्यांच्यासाठी आजचा साधासा अ‍ॅक्शन गेमही परक्या लिपीत लिहिलेल्या पुस्तकासारखा असतो. गोष्ट कितीही सोपी असली तरी वाचता आली पाहिजे ना.

कॅज्युअल डिझाइनची खरी कसोटी इथे लागते. २००६ मध्ये निन्टेंडोचं वी (Wii) हे कन्सोल आलं. त्याच्या यशाचं श्रेय लोक हलवायच्या रिमोटला देतात, ते अर्धवट खरं आहे. वी स्पोर्ट्समधला टेनिस नीट बघा. त्यात तुमचा खेळाडू चेंडूकडे स्वतःच धावतो. तुम्ही फक्त योग्य वेळी हात फिरवायचा. म्हणजे डिझाइनरने टेनिसमधलं धावणं पूर्ण काढून टाकलं आणि फटका तेवढा ठेवला. फटका कसा मारायचा हे ज्ञान माणूस घरून घेऊन आलेला असतो. वीची दहा कोटींहून जास्त यंत्रं विकली गेली. काय ठेवायचं यापेक्षा काय काढायचं, हे ठरवायला जास्त हिंमत लागते आणि कॅज्युअल गेम बनवणं सोपं असतं असं मानणाऱ्यांना ती दिसत नाही. मी दोन्ही केलंय. मला अ‍ॅक्शन गेमपेक्षा पझल गेमने जास्त घाम फोडला.

आता वेळ. इथे सगळे एकूण तास मोजतात आणि फसतात. मोजायचा तो सलग वेळ. मध्येच उठावं लागलं तर काय होतं, हा प्रश्न कोणत्याही गेमला विचारा, तो लगेच आपला स्वभाव सांगतो. डोटा २ या पाच-पाच जणांच्या संघांनी खेळायच्या ऑनलाइन गेमची एक मॅच बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासाची होते. मध्ये दार वाजलं आणि तुम्ही उठलात तर चार सहकारी अडचणीत येतात आणि वारंवार सोडून जाणाऱ्याला गेम शिक्षाही करतो. डार्क सोल्स एकट्याने खेळत असलात तरी त्यात थांबवायचं बटण नाही, मेन्यू उघडला तरी शत्रू चालून येतोच. याउलट कँडी क्रशमध्ये चाल अर्धवट सोडून फोन खिशात टाका, फळी तशीच थांबलेली असते. तिला तुमची घाई नाही. दोन तास कँडी क्रश खेळणारा माणूस बहुधा सलग दोन तास बसलेला नसतो. रांगेत पाच मिनिटं, प्रवासात वीस, झोपण्याआधी पंधरा, असे ते तुकडे असतात आणि गेम त्या तुकड्यांत बसेल असाच कापलेला असतो.

एक गंमत सांगायची तर हा निकष कधी कधी यंत्रच बदलून टाकतं. २००४ च्या निन्टेंडो डीएसचं झाकण मिटलं की गेम होता तिथे झोपी जायचा आणि उघडलं की जागा व्हायचा. त्या एका बिजागरीने पन्नास-साठ तासांचे रोलप्लेइंग गेम (एखादं पात्र होऊन लांबलचक कथा खेळायचे गेम) बसमध्ये खेळण्याजोगे केले. गेमच्या आत एक ओळही बदलली नव्हती, सलग वेळेची मागणी तेवढी गेली होती.

पण कॅज्युअल म्हणवणारा गेम वेळेची मागणी मागच्या दाराने आणू शकतो आणि त्याबद्दल मला मनापासून तक्रार आहे. २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या फार्मव्हिलमध्ये स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायच्या आणि वेळेत तोडल्या नाहीत तर सुकून जायच्या. एक बसणं पाच मिनिटांचं, पण ते पाच मिनिटं कधी, हे गेम ठरवणार. लोक घड्याळ लावून उठायचे. हातांकडून काही न मागणारा, पण दिवसाच्या वेळापत्रकावर हक्क सांगणारा हा गेम माझ्या मते अर्धाच कॅज्युअल होता. त्याच्याशेजारी वर्डल हा शब्द ओळखायचा गेम ठेवून बघा. २०२१ मध्ये तो लोकांसमोर आला. दिवसाला एकच कोडं, कोणत्याही वेळी सोडवा, अर्धं सोडून जा, रात्री पूर्ण करा. एखाद्या दिवशी नाही सोडवलं तर तुमची मालिका तुटते, पण लागवड वाया जात नाही. मला तो वेळेच्या बाबतीत आतापर्यंतचा सगळ्यात सभ्य गेम वाटतो.

तिसरी मागणी हरण्याची. या एका बाबतीत ‘हार्डकोर’ शब्दाला स्वच्छ तांत्रिक अर्थ आहे. २००० सालच्या डायाब्लो २ मध्ये हार्डकोर नावाचा एक वेगळा प्रकार होता: पात्र एकदा मेलं की कायमचं गेलं, त्यावर घातलेले शंभर तासही गेले. माइनक्राफ्टमध्येही याच नावाचा प्रकार आहे. एकदा मेलात की त्या जगात पुन्हा जिवंत होता येत नाही. दोन्हीकडे शत्रूंचं बळ हा मुख्य मुद्दा नसून चुकीची किंमत हा आहे. या विचाराचं मूळ १९८० च्या ‘रोग’ (Rogue) या गेममध्ये आहे. त्यात मरण कायमचं होतं आणि म्हणून प्रत्येक पाऊल टाकताना हात थरथरायचा.

गेम बनवणाऱ्याने अवघडपणा आणि शिक्षा ही दोन वेगळी बटणं आहेत हे पक्कं ध्यानात ठेवावं. २०१० चा सुपर मीट बॉय आणि २०१८ चा सेलेस्ट दोन्ही भयंकर अवघड आहेत, पण मेलात की डोळ्याची पापणी लवेपर्यंत त्याच पडद्यावर पुन्हा उभे. शेकडो वेळा मराल आणि एकदाही चिडून कंट्रोलर फेकावासा वाटणार नाही. २०११ च्या डार्क सोल्समध्ये मात्र मेलात की जमवलेले सगळे सोल्स (शत्रू मारून मिळणारी गेममधली कमाई) तिथेच पडतात. परत जाऊन उचलायची एकच संधी. वाटेत पुन्हा मेलात तर ते संपले. शत्रू तोच राहिला तरी त्या परतीच्या वाटेवर छाती धडधडते, कारण आता काहीतरी पणाला लागलेलं असतं. ज्यांना तो अनुभव हवा असतो त्यांच्याकडून शिक्षा काढून घेणं म्हणजे त्यांचा गेमच काढून घेणं.

पझल गेममध्ये हरणं कसं असावं, हे मला एका लेव्हलने शिकवलं. तीन सारखे रंग जुळवायचा आमचा गेम होता, प्रत्येक लेव्हलला चालींची मर्यादा. एका ठिकाणी लोक गेम कायमचा सोडून जात होते. आम्हाला वाटलं लेव्हल अवघड झाली. आकडे बघितले तर ती आजूबाजूच्या लेव्हलइतकीच जिंकली जात होती. मग आम्ही लोकांच्या शेजारी बसून बघितलं. फळीचा खालचा डावा कोपरा असा अडला होता की नवव्या-दहाव्या चालीलाच हार दिसायची आणि तरी उरलेल्या चाली खेळत बसावं लागायचं. खेळणाऱ्यांचे खांदे पडायचे, बोट हळू व्हायचं, एक बाई तर न बघता कुठेही टिचक्या मारत होत्या. आम्ही चाली वाढवल्या नाहीत. तो अडसर दोन घरं वर सरकवला, म्हणजे वरून पडणारे तुकडे त्याच्यापर्यंत पोचू लागले आणि शेवटच्या तीन चालींपर्यंत ‘अजून होईल’ ही आशा टिकू लागली. जिंकणाऱ्यांचं प्रमाण फारसं हललं नाही. लोक सोडून जायचे मात्र थांबले. कॅज्युअल गेममध्येही माणूस हरायला तयार असतो. निकाल लागल्यावर ताटकळत बसायला तयार नसतो.

नशिबाची भूमिकाही इथेच कळते. वरून कोणते रंग पडतील हे आपल्या हातात नसतं, त्यामुळे हरलं तरी दोष आपल्यावर येत नाही आणि जिंकलं की श्रेय मात्र आपलं. हार्डकोर खेळाडूला नेमकं हेच नको असतं. त्याला हार स्वतःची हवी असते. फायटिंग गेम खेळणारे प्रत्येक ठोशाच्या फ्रेम, म्हणजे तो ठोसा पडद्यावरची किती चित्रं टिकतो ते, पाठ करतात. सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण सतरा मिलिसेकंदांची. २००४ च्या इव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत स्ट्रीट फायटर ३ खेळताना दाइगो उमेहाराची शक्ती जवळजवळ संपलेली होती, नुसता अडवला तरी मरेल अशी. जस्टिन वाँगने पंधरा फटक्यांची माळ सोडली आणि उमेहाराने एकेक फटका नेमक्या क्षणी परतवून शेवटी डाव जिंकला. तिथे जराही नशीब मिसळलं असतं तर त्या क्षणाचं मोल उरलं नसतं.

एवढं सगळं गेमबद्दल झालं. आता माणसांकडे येतो, कारण तुमचा उपप्रश्न माणसांबद्दल आहे. गेम काय मागतो ही एक गोष्ट आणि खेळणारा स्वतःहून काय देतो ही वेगळी गोष्ट. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स लहान मूलही खेळतं. तोच गेम ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवणारे लोक एकेका फ्रेमसाठी वर्षं घालवतात. स्टार्ड्यू व्हॅलीत निवांत शेती करायची असते, पण कोणत्या दिवशी कोणतं बी पेरलं तर किती उत्पन्न, याचे तक्ते करून खेळणारेही आहेत. आणि कँडी क्रशच्या जातीचे गेम रोज खेळणारे जे लोक माझ्या प्लेटेस्टला येतात, त्यांचं फळी वाचणं बघण्यासारखं असतं. नवखा माणूस दिसेल ती जुळणी करतो. हे लोक आधी तळाकडे बघतात, कारण खाली जुळवलं की वरचं सगळं हलतं आणि न मागता आणखी जुळण्या होतात. दोन चालींनंतर काय पडलेलं असेल याचा अंदाज बांधून ते हातातली चांगली जुळणी मुद्दाम राखून ठेवतात. तो दोन तासवाला माणूस कॅज्युअल गेमचा हार्डकोर खेळाडू आहे, असं मी निःशंकपणे म्हणेन. तसंच २०२२ चा एल्डन रिंग सुट्टीच्या दिवशी तासभर खेळणारा, बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) जड गेला की घोड्यावर बसून दुसरीकडे फिरायला निघणारा, मदतीला आत्मे बोलावणारा माणूस हा हार्डकोर गेमचा कॅज्युअल खेळाडू. त्यात कमीपणा काहीच नाही. त्या गेमचं मोकळं जग तशा खेळण्यालाही जागा देतं.

‘कॅज्युअल’ हा शब्द कमी लेखायला वापरला जातो तेव्हा मला वाईट वाटतं, आणि हे मी खेळाडूंच्या तोंडून जितकं ऐकलंय तितकंच बनवणाऱ्यांच्याही. तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये पॅक-मॅन केला तो आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या ठिकाणी, स्त्रियाही याव्यात या हेतूने. आज ज्याला सगळेच मानाने क्लासिक म्हणतात, तो त्याच्या काळात बाहेरच्यांना आत बोलावणारा गेम होता. २००९ च्या न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वीमध्ये एका लेव्हलला आठ वेळा मेलात की एक हिरवा ठोकळा दिसतो. त्याला धडक दिली की गेम ती लेव्हल स्वतः खेळून दाखवतो. ज्याला नको त्याने धडक देऊ नये. सेलेस्टमध्ये गेमचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, मरण बंदही करता येतं, आणि तरी त्यातला डोंगर चढल्याचा अभिमान कुणाचा कमी झालेला मी पाहिला नाही. सोल्स मालिका असा पर्याय देत नाही, कारण सगळ्यांनी एकाच भिंतीवर डोकं आपटावं ही तिच्या रचनेची गरज आहे. मी दोन्ही निर्णय योग्य मानतो, कारण दोन्हीकडे बनवणाऱ्याला आपण काय मागतोय हे नीट ठाऊक आहे.

पैशाबद्दल थोडंच सांगतो. आर्केडमध्ये बहुधा तीन लाइफ, म्हणजे तीनदा मरायची मुभा, असे, कारण एका नाण्यात माणूस फार वेळ यंत्र अडवून बसला तर धंदा बुडे. म्हणून गेम शिकायला सोपे आणि टिकायला अवघड. घरगुती कन्सोलवर नाणं गेलं तरी लाइफ सवयीने राहिल्या. कँडी क्रशमध्ये पाच लाइफ आहेत, एक परत यायला अर्धा तास लागतो आणि थांबायचं नसेल तर पैसे मोजायचे. ती तीच जुनी नाण्याची खाच आहे. तुमच्या गेममध्ये नाणं नाही, तर लाइफ का हव्यात, हे स्वतःला एकदा विचाराच.

आता तुमचा गेम. मित्रांना काय खटकतंय ते मला वर्णनावरूनच जाणवतं. तुमची एका बोटाची उडी म्हणते, ‘काही शिकून यायची गरज नाही, ये.’ दहा मिनिटांची लेव्हल म्हणते, ‘मध्ये उठू नकोस.’ आणि पहिल्यापासून सुरुवात म्हणते, ‘नऊ मिनिटं गमवायची तयारी ठेव.’ पहिलं आमंत्रण ऐकून जो येतो तो तिसरी अट ऐकून निघून जातो. ज्याला तिसरी अट आवडेल, तो एका बोटाचा गेम बघून आतच शिरत नाही. तुमच्या मागण्या एकमेकींशी भांडत आहेत.

दोन वाटा आहेत. निवांत गेम करायचा असेल तर दर तीस-चाळीस सेकंदांनी चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) द्या, फोनवर दुसरं काही उघडलं की गेम आपोआप थांबू द्या आणि मेल्यावर पुन्हा सुरू व्हायला एक सेकंदसुद्धा लावू नका. कडेवरून पाय सुटल्यावरही पुढचे पाच-सहा फ्रेम उडी चालू द्या. सेलेस्टही एवढी सवलत देतो, खेळणाऱ्याला ती दिसत नाही, पात्र मात्र आपल्या हातात आहे असं वाटू लागतं.

कठोर गेम करायचा असेल तर एक बोट तसंच ठेवा, पहिल्यापासून सुरुवातही ठेवा, पण दहा मिनिटं कापा. २०१२ चा सुपर हेक्सागॉन एक दिवस बसून खेळा. फक्त डावीकडे किंवा उजवीकडे फिरायचं, स्पर्श झाला की संपलं, आणि ध्येय काय तर साठ सेकंद टिकायचं. ते साठ सेकंद गाठायला मला कित्येक संध्याकाळी लागल्या, पण एकेक प्रयत्न पाच-सात सेकंदांत संपत असल्यामुळे सोडावासा कधी वाटला नाही. तुमच्या दहा मिनिटांच्या लेव्हलमधले सगळ्यात चांगले नव्वद सेकंद निवडा, त्यांचीच एक लेव्हल करा आणि त्याच मित्रांना पुन्हा खेळायला द्या. या वेळी पडद्याकडे बघू नका. मेल्यानंतर त्यांचा अंगठा किती लवकर परत खाली येतो ते बघा.